सुटे भाग आणि सुटलेली जबाबदारी

मोटार रस्त्यावर धावते ती एका कंपनीच्या नावाने. पण ती घडते अनेक कारखान्यांत, हजारो हातांनी. स्पार्क प्लग, बेअरिंग, ब्रेक, स्टिअरिंग, विजेच्या तारांची जुडी या वस्तू घडविणाऱ्या हातांचा खरा मालक कोण, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या सुट्या भागांच्या विभागांचा इतिहास याची साक्ष देतो, आणि भारतातील कामगार चळवळीने तो बारकाईने अभ्यासावा असा आहे.

१९०८ साली ही कंपनी स्थापन झाली तेव्हा मोटारींना लागणारे कितीतरी भाग स्वतंत्र कारखानदार पुरवीत. डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने हँडल न मारता मोटार सुरू करणारा विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर बसला. पुरवठा आणि त्यातला नफा दोन्ही आपल्या हाती असावेत, हा विचार मग बळावला. १९१६ साली विल्यम ड्युरंट यांनी डेल्को, रेमी, हयात रोलर बेअरिंग आदी कंपन्या युनायटेड मोटर्स या नावाखाली एकत्र आणल्या. १९१८ मध्ये ती सारी मिळकत जनरल मोटर्सकडे आली. फिशर बॉडी या कंपनीचा ६० टक्के हिस्सा १९१९ मध्ये आणि उरलेला १९२६ मध्ये घेतला गेला. १९३२ साली वॉरेन येथील पॅकार्ड इलेक्ट्रिकची भर पडली. कालचे पुरवठादार असे एकामागून एक आजचे विभाग बनले.

भांडवलाचे हे एकत्रीकरण नफ्यासाठी होते. पण त्याच्याच पोटात कामगारांच्या सामर्थ्याचे बीज होते. बॉडीचे पत्रे दाबून आकारास आणणारे मोठे साचे मोजक्याच कारखान्यांत होते. ते थांबले की देशभरातील जुळणीचे कारखाने थांबणार, हे कामगारांनी ओळखले. ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट येथील फिशर बॉडीचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. ११ जानेवारीला पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कामगारांनी पाण्याचे फवारे आणि मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्या यांनी त्याला उत्तर दिले. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैनिक बोलावले, पण कामगारांना हुसकावण्यासाठी ते वापरले नाहीत. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जगातील त्या बलाढ्य कंपनीला युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेशी करार करावा लागला.

हा धडा जसा कामगार विसरले नाहीत, तसे मालकही विसरले नाहीत. मार्च १९९६ मध्ये, काम बाहेरच्या कंपनीला देण्याच्या विरोधात, डेटनमधील ब्रेकच्या दोन कारखान्यांतील सुमारे ३ हजार कामगारांनी १७ दिवस संप केला आणि जनरल मोटर्सचे उत्तर अमेरिकेतील बहुतेक उत्पादन ठप्प झाले. १९९८ च्या उन्हाळ्यात फ्लिंटमधील दोन कारखान्यांच्या संपाने ५४ दिवस तेच घडविले. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केले की, सुट्या भागांचे विभाग एकत्र करून बनविलेली डेल्फी ही शाखा आता पूर्णतः वेगळी केली जाईल. मे १९९९ मध्ये ती वेगळी झाली. वेगळी डेल्फी इतर मोटार कंपन्यांनाही माल विकू शकेल, असे समर्थन तेव्हा करण्यात आले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु मूळ कंपनीच्या करारातून आणि दायित्वातून हजारो कामगारांना बाहेर काढण्याचा तो मार्ग होता, हे नाकारणे भाबडेपणाचे ठरेल.

पुढे काय झाले? ऑक्टोबर २००५ मध्ये डेल्फीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ताशी सुमारे २७ डॉलर मिळविणाऱ्या उत्पादन कामगारांचे वेतन २००७ च्या कराराने १४ ते १८.५० डॉलरवर आले. अमेरिकेतील बहुतेक कारखाने बंद झाले किंवा विकले गेले. २००९ मध्ये पेन्शनचा भार सरकारी विमा महामंडळावर टाकण्यात आला. येथे एक गोष्ट फार बोलकी आहे. १९९९ च्या फाळणीच्या वेळी संघटनेने मूळ कंपनीकडून पेन्शनची लेखी हमी घेतली होती. त्या हमीच्या बळावर तिच्या सभासदांची तूट भरून निघाली. पण कोणत्याही संघटनेत नसलेल्या सुमारे २० हजार पगारदार कर्मचाऱ्यांपाशी असा कागद नव्हता. त्यांच्यापैकी अनेकांच्या पेन्शनला मोठी कात्री लागली आणि वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करूनही त्यांच्या हाती काही आले नाही.

ही कथा अमेरिकेची म्हणून सोडून देता येणार नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये गुडगाव येथील रिको ऑटो या सुट्या भागांच्या कारखान्यात संघर्ष पेटला, एका कामगाराचा बळी गेला, आणि २० ऑक्टोबरला त्या पट्ट्यातील हजारो कामगारांनी काम बंद ठेवले. काही दिवसांतच भागांच्या अभावी फोर्डचा कॅनडातील आणि जनरल मोटर्सचे मिशिगनमधील कारखाने थांबले. फ्लिंटमधील साचे जे सांगत होते तेच गुडगावने सांगितले: साखळी कितीही लांबविली तरी ती साखळीच असते.

मात्र नफा या साखळीतून सहज वर चढतो. जबाबदारी तशी चढत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी थकविल्यास ती देण्याचे दायित्व मुख्य मालकावर टाकले. परंतु त्याच कायद्याने केवळ तयार माल पुरविणाऱ्यास ठेकेदाराच्या व्याख्येतून वगळले. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर येथे एकाच बड्या कंपनीच्या मागणीवर जगणाऱ्या छोट्या कारखान्यातील कामगार या फटीतून खाली पडतो. किंमत ठरवायची बड्या कंपनीने, मालाची वेळ ठरवायची तिनेच. मजुरी बुडाली की मात्र हात वर करायचे!

लहान कारखानदाराला बडी कंपनी इतका कमी भाव देते की, त्याला वाढीव मजुरी परवडतच नाही, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. म्हणूनच लढ्याचे तोंड फक्त त्याच्या फाटकाकडे असून चालणार नाही. जुळणीच्या कारखान्यातील कायम कामगार आणि भाग घडविणारा हंगामी कामगार यांची संघटना एका साखळीवर उभी राहिली पाहिजे. एखादा विभाग विकला किंवा वेगळा काढला जात असेल, तेव्हा मजुरी आणि निवृत्तिवेतन यांची लेखी हमी त्याच दिवशी मागितली पाहिजे. फाटकावरची पाटी मालक रातोरात बदलू शकतो. सहीचा कागद बदलणे त्याला तितके सोपे नाही. आणि तो कागद संघटनेवाचून कोणाच्या हाती पडत नाही, हेच डेल्फीच्या पगारदारांनी फार मोठी किंमत देऊन जगाला शिकविले आहे.