पाटी न लागणारे दान

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागेत जा, सिमेंटच्या बाकावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी असतेच. ज्येष्ठांसाठी काही करायचे म्हटले की आपल्याला आधी बाक सुचतो, मग रुग्णवाहिका, विरंगुळा केंद्र, वृद्धाश्रमातली खोली. यातले काहीच वाया जात नाही. बाकावर तर आम्हीही बसतो. पण पाय मुळात उशिरा थकावेत म्हणून कोणी संशोधन करत असेल, तर त्याला चार पैसे द्यावेत हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

सरकारचाही ओढा उपचाराकडेच. २०२४च्या धनत्रयोदशीला ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांची योजना सुरू झाली. चांगलेच झाले. दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावरून पडून खुबा मोडला, तर शस्त्रक्रियेची सोय आहे. पडूच नये यासाठी काय करावे, हे शोधायला मात्र वेगळा पैसा आणि भरपूर धीर लागतो.

अमेरिकेत 'लाइफ' नावाचा एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. ७० ते ८९ वयाची, बैठ्या सवयीची १,६३५ माणसे त्यात होती. निम्म्यांना नेमाने चालायला लावले, पायांची ताकद आणि तोल वाढवणारे व्यायाम दिले. उरलेल्यांना आरोग्यावरची व्याख्याने ऐकवली. मग दोन-अडीच वर्षे एवढेच पाहिले, की दुसऱ्याच्या आधाराशिवाय ४०० मीटर चालता येते का. व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांची ही क्षमता कधी ना कधी गेली, व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के लोकांची. व्याख्यानमालांवर पोसलेल्या महाराष्ट्राने याची नोंद घ्यावी! पाच टक्क्यांचा फरक किरकोळ वाटेल. पण ४०० मीटर म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत येणे. या अभ्यासाला पैसा दिला तो १९७४मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने.

त्याच संस्थेचा पैसा आपल्याकडेही आला आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 'लासी' या पाहणीत ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांवर भारतीयांची माहिती घेतली. हाताची पकड, चालण्याचा वेग, फुप्फुसांची ताकद घरी जाऊन मोजली. खर्च केंद्रीय आरोग्य मंत्रालय, ही अमेरिकी संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी मिळून उचलला. अशा पाहणीचे मोल तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासण्यात असते, आणि परदेशी निधीचा ओघ तिथल्या राजकारणावर अवलंबून असतो.

शिवाय आपले काही प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागतील. जगभर वापरली जाणारी एक चाचणी अशी: हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे. आपली आजी देवापुढे मांडी घालून बसते, भाजी निवडायला जमिनीवर बसते, गावी उकिडवी बसते. तिचा खरा कस जमिनीवरून उठताना लागतो. हात न टेकता उठणे कोणत्या वयात सुटते? कशाने लांबवता येते? ओल्या मोरीत, उंच उंबऱ्याशी, कठडा नसलेल्या जिन्यावर काय होते? हे इथेच मोजावे लागेल.

असा पैसा देणारे आपल्याकडे मुळीच नाहीत असे नाही. क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने २०१४मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला मेंदू संशोधनासाठी दहा वर्षांत २२५ कोटी रुपये द्यायचे ठरवले. त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रामार्फत कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागात गावकऱ्यांच्या स्मरणशक्तीचा दीर्घकालीन अभ्यास चालतो. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायच्या २ टक्के नफ्यातूनही सरकारी विद्यापीठांच्या संशोधनाला पैसा देता येतो. पुण्या-मुंबईच्या उद्योजकांनी आपल्या सनदी लेखापालांना एकदा विचारून पाहावे. अशा कामाला फीत कापण्याचा समारंभ नसतो, पाटीही लागत नाही, हीच बहुधा खरी अडचण.

या अंकाचे वर्गणीदार असलेल्या ज्येष्ठ नागरिक संघांना दिवाळीच्या शुभेच्छा, आणि एक सूचना. वार्षिक सहल रद्द करू नका. पण जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन सांगा, की आमचे सभासद दर वर्षी तपासून घ्यायला तयार आहेत, तुमचे विद्यार्थी देता का? देणगीदारांकडे त्यानंतर जाता येईल, आणि तेव्हा हातात निदान स्वतःचे आकडे असतील.