ढेळज गेली, आता पाहुणा बसणार कुठे?



चैत्र जवळ आला की सोनारीत घरोघरी साफसफाई सुरू होते. काळभैरवनाथाची यात्रा असते, कुलदैवत म्हणून लांबलांबून माणसं येतात, आणि गावातलं कोणतंही घर, मग ते कोणत्याही समाजाचं असो, पाहुण्यांवाचून राहत नाही. आमचं घर जैनांचं. तरीही यात्रेत आमच्या दारी येणाऱ्यांमध्ये आमच्या भावकीतले थोडे आणि शेजाऱ्यांचे, शेतावरच्या गड्यांचे, सोयऱ्यांच्या सोयऱ्यांचे पाहुणेच जास्त असतात. तेव्हा घर कसं सजवावं आणि पाहुणचार कसा करावा, यावर मला जरा स्पष्ट लिहायचं आहे. हल्ली आपण सजावटीवर पुष्कळ खर्च करतो, पण माणसाला बसायला सांगायचं विसरत चाललो आहोत, असं माझं मत झालं आहे.

आधी घराचं बोलू. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर, भिंतीत दिवळ्या, धान्याला बळद आणि दारातून आत शिरताच ढेळज. ढेळजेत सतरंजी किंवा घोंगडी अंथरलेली असायची. ओळखीचा असो वा नसो, आलेला माणूस तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, आणि काय काम आहे हे त्यानंतर विचारलं जायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपला जिल्हा, दोन्हीकडे हजारो माणसं गेली. ती पुष्कळशी त्या जड माळवदांखालीच गेली. त्यानंतर आपल्या भागात माळवदाच्या घराची भीती बसली ती बसलीच. लोकांनी पत्रे घातले, मग स्लॅब टाकले. ते बरोबरच होतं. जीव वाचला तर पाहुणचार. पण स्लॅबच्या घराचा नकाशा शहरातून आला आणि त्यात ढेळज नव्हती. दार उघडलं की थेट हॉल, हॉलमध्ये सोफा, समोर टीव्ही. आता सोफ्यावर कोणाला बसवायचं आणि कोणाला दारातूनच बोलून वाटेला लावायचं, हे घरातली बाई एका नजरेत ठरवते. चपला बघून ठरवते म्हटलं तरी चालेल.

जुनं सगळं सोन्याचं होतं, असं मी म्हणणार नाही. त्याच ढेळजेच्या कोनाड्यात काही माणसांसाठी वेगळा पेला ठेवलेला असायचा, आणि काहींना ढेळजेतही येऊ न देता पायरीखाली बसवायचे. हे आपल्या अहिंसावाल्या घरांतही चालायचं. त्याला सोवळं म्हणा, शुद्धी म्हणा, समोरच्याला लागायचं ते लागायचंच. म्हणून परंपरेची सजावट करायची तर निवडून करावी. पितळी तांब्या घासून पुसून मांडा, समई ठेवा, दिवळीत दिवा लावा, दारात रांगोळी घाला. तो वेगळा पेला मात्र परत येता कामा नये. हल्ली तो कागदी कपाच्या रूपाने येतो आहे, हे कोणाच्या लक्षात आलंय का? घरच्यांना स्टीलचे कप आणि कामाला आलेल्या बाईला कागदी. ‘स्वच्छतेसाठी’ म्हणे!

सोनारीत सजावटीचे आणखी एक परीक्षक आहेत, ते म्हणजे माकडं. देवळाच्या आसपास त्यांचंच राज्य. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधा, झेंडूची माळ लावा, कुंडीत हौसेने काही लावा, दुपारपर्यंत ते शिल्लक राहिलं तर नशीब. मासिकातली घरं बघून सजवणाऱ्या माझ्या नातेवाईक बायका इथे आल्या की हैराण होतात. मला मात्र वाटतं की ह्या माकडांनी आमची हौस आटोक्यात ठेवली. कापडाचं, मण्यांचं तोरण टिकतं. ते आजीने ओवलेलं असेल तर त्याहून सुंदर काय? आणि माकडांनाही मान देणारी गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत. धाराशिव तालुक्यातल्या उपळ्यात ३२ एकर जमीन कागदोपत्री वानरांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ साली आली होती. तिथे पूर्वी लग्नात आधी वानरांचा मानपान करत आणि मग कार्य सुरू करत, असं गावकऱ्यांनी सांगितलं होतं. वानराला जमतं ते भाच्याच्या लग्नात न बोलावता आलेल्या माणसासाठी आपल्याला का जमू नये?

आता पाणी. आपल्या भागात पाहुणचार पाण्यापासून सुरू होतो, आणि पाण्याचं मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. यात्राही ऐन उन्हाळ्यात येते. आमच्या सासूबाई पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायच्या आणि गाळणं उलटवून जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायच्या. पाहुण्याला पेला अर्धाच भरून द्यायच्या. वर “अजून देऊ?” असं दोनदा विचारायच्या. नव्या सुनांना हे कद्रूपणाचं वाटतं. पण काठोकाठ भरलेला पेला अर्धा उष्टा राहतो आणि मोरीत ओतला जातो, तो काही मोठेपणा नव्हे. गाळलेल्या पाण्यातले जीव जपायचे आणि उरलेलं पाणी ओतून द्यायचं, याचा मेळ मला तरी लागत नाही. यात्रेत बाटलीबंद पाण्याचे खोके आणून ठेवणाऱ्या घरांबद्दल तर बोलायलाच नको. अर्ध्या बाटल्या अंगणात लोळत असतात. त्यापेक्षा गूळ आणि माठातलं पाणी द्या, वरून प्यायला तांब्या द्या.

सगळ्यात अवघड प्रश्न संध्याकाळचा. चैत्रात आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. नेमका तेव्हाच दर्शन करून दमलेला पाहुणा दारात येतो, बरोबर लेकरं असतात. आपण रात्री जेवत नाही. मग त्यांना काय सांगायचं? काही घरांत सरळ सांगतात, “आमच्यात रात्री चालत नाही.” वर रात्रिभोजनाने काय काय दोष लागतात याचं प्रवचनही होतं. भुकेल्या माणसाला उपदेश वाढणं हे मला अतिशय असभ्य वाटतं. व्रत आपण आपल्या आत्म्यासाठी घेतलेलं असतं, पाहुण्याला खाली मान घालायला लावण्यासाठी नव्हे.

जाणकार म्हणतील, स्वतः न खाणं पुरेसं नाही, दुसऱ्याला खाऊ घालणं आणि त्याला अनुमोदन देणं यातही दोष आहे. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, ते मी मोडीत काढत नाही. ज्यांनी सहावी प्रतिमा धारण केली आहे त्यांनी तसंच वागावं. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभागही आहे. त्यातला खरा अतिथी मुनी किंवा व्रती, हे मला ठाऊक आहे. आपण मुनींना पडगाहन करतो तेव्हा दारात उभं राहून नमोस्तु म्हणतो, थांबण्याची विनंती करतो, उच्चासन देतो, पाय धुतो, मन-वचन-काया आणि आहार शुद्ध असल्याचं सांगतो. कुंथलगिरीला गेलेल्या कोणालाही हे सांगायला नको. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली जिथे सल्लेखना घेतली ते क्षेत्र आपल्याच जिल्ह्यात, भूम तालुक्यात आहे. तिथे चौका लावून महाराजांची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बायकांची नम्रता मी पाहिली आहे. त्याच बायका घरी येऊन दारातल्या माणसाला जाळीच्या दारामागून “कोण पाहिजे?” विचारतात, तेव्हा ती वचनशुद्धी कुठे जाते?

आमच्या घरी यावर एक रीत आहे. यात्रेच्या दिवसांत सकाळीच शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं, “तुमचे पाहुणे पाचला आमच्याकडे पाठवा, ताटं तयार आहेत.” ज्वारीची भाकरी, डाळीचं वरण, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. कांदा-लसूण नाही म्हणून आजवर कोणी उपाशी उठलेलं नाही. (शेंगा जमिनीत येतात, मग त्या कशा चालतात, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. ते कंद नाही, वाळलेलं बी आहे, बाई!) उशिरा कोणी आलंच तर सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. पण दिवसा केलेल्या भाकरी दुरडीत झाकलेल्या असतात, त्या लेकरांपुढे ठेवते. माझं व्रत मी मोडत नाही आणि त्याची जाहिरातही करत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं. वाद घालायला मला आवडतं.

आग्रहाबद्दलही एक सांगते. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा पुरावा मानतात आणि मग ताटात टाकलेलं अन्न उकिरड्यावर जातं. एकदा विचारावं, फार तर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाढलेली पोळी ही यजमानाची हौस असते.

सध्या आमच्या गल्लीत एक नवं घर बांधायला निघालं आहे. माकडांमुळे सगळीकडे लोखंडी जाळी बसवणार आहेत. त्यात गैर काही नाही, मीही बसवली आहे. मात्र त्या घरच्या सुनेला मी एवढंच सुचवलं आहे की जाळीच्या बाहेर, पायरीला लागून, शहाबादी फरशीचा दोन फूट रुंद कट्टा काढ, वर पत्र्याची सावली दे आणि शेजारी माठाची जागा ठेव. गवंडी म्हणतो, जागा वाया जाईल. ती म्हणते, बघू. चैत्राला अजून वेळ आहे.