एअर इंडिया: बुडीत खात्याचा धनी कोण?

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली आणि तेव्हापासून एक समज आपल्याकडे पक्का होऊन बसला आहे. सरकारला धंदा कळत नाही, सरकारी कंपनी बुडायचीच, आणि एअर इंडिया हा त्याचा ढळढळीत पुरावा! बँका, विमा किंवा आपली एसटी यांचा विषय निघाला की हाच दाखला देऊन वाद संपवला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि या कंपनीचा पाया घातला. १९५३ मध्ये सरकारने तिचे राष्ट्रीयीकरण केले. २०२१ मध्ये तीच कंपनी रोज सुमारे २० कोटी रुपये गमावत होती आणि तिच्या डोक्यावर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. २००९-१० पासून सरकारने रोख मदत आणि हमी मिळून १ लाख १० हजार कोटींहून अधिक रक्कम तिच्यामागे उभी केली होती. यातला एकही आकडा खोटा नाही. मात्र या आकड्यांवरून सरकारी मालकीला दोषी ठरवायचे, तर मधली सत्तर वर्षे डोळ्याआड करावी लागतात.

एअर इंडियाचा सुवर्णकाळ राष्ट्रीयीकरणानंतरचा आहे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले. १९६२ मध्ये ताफ्यात केवळ जेट विमाने असणारी ती जगातली पहिली कंपनी ठरली. मालक सरकारच होते, पण अध्यक्षपदी बिनपगारी जे. आर. डी. होते. जिनिव्हात विमानात चढवलेला चहा आणि कॉफी रंगावरून वेगळे ओळखता येत नाहीत, इतक्या बारीक गोष्टींची टिपणे ते प्रवासात काढत आणि अधिकाऱ्यांना पाठवत. कारभार त्यांच्याकडे होता आणि मंत्रालय चार हात दूर होते. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केले. त्या दिवशी मालक बदलला नाही. मालक आणि कारभारी यांच्यातले अंतर मात्र मिटू लागले.

खासगी मालकी हाच तरणोपाय असता, तर किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली नसती. उलट सिंगापूर एअरलाइन्सचे अर्ध्याहून अधिक भाग सिंगापूर सरकारच्या टेमासेक या कंपनीकडे आहेत, आणि जगातल्या उत्तम विमानसेवांत तिची गणना होते. टाटांसोबतची तिची विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यावर याच सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचे २५.१ टक्के भाग आले. सरकारला विमान कंपनी चालवता येत नाही म्हणून जी विकली, तिच्यात आज परदेशी सरकारची बहुसंख्य मालकी असलेली कंपनी भागीदार आहे.

मग एअर इंडिया बुडाली कशाने? ती दिल्लीत घेतलेल्या आणि कोणालाही जाब द्यावा न लागलेल्या निर्णयांनी बुडाली. २००४ च्या सुरुवातीला कंपनीचा प्रस्ताव २८ विमानांचा होता. त्याच वर्षात तो ६८ वर गेला. इंडियन एअरलाइन्स या दुसऱ्या सरकारी विमान कंपनीची ४३ धरून एकूण १११ विमाने मागवली गेली, तीही जवळपास सगळी कर्ज काढून. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. खरेदीपाठोपाठ २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. कागदावर एक झालेल्या या कंपनीची उड्डाणे एकाच कोडखाली यायला २०११ उजाडले. वैमानिकांचे पगार, बढत्या आणि प्रशिक्षण यांचा घोळ तर त्यानंतरही चालूच राहिला. २००६-०७ मध्ये दोन्ही कंपन्यांचा मिळून तोटा सुमारे ७७० कोटी होता, तो २००८-०९ मध्ये सात हजार कोटींच्या वर गेला. याच काळात आखाती कंपन्यांना भारतातून अधिकाधिक आसनांची परवानगी मिळत गेली आणि युरोप-अमेरिकेला जाणारा प्रवासी दुबईमार्गे वळला. ती परवानगी देणारे आणि एअर इंडियाचे मालक एकच होते.

कर्मचाऱ्यांवर खापर फोडणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, २०१२ चा वैमानिकांचा ५८ दिवसांचा संप मलाही समर्थनीय वाटत नाही. पण १११ विमाने मागवणारे कर्मचारी नव्हते आणि विलीनीकरणाची तारीखही त्यांनी ठरवली नव्हती. १९९० मध्ये आखाती संकटात अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना घरी आणणारे मात्र याच कंपनीचे कर्मचारी होते.

आणि देणेकरी कोण होते? अतिविशेष व्यक्तींच्या विमानफेऱ्यांपोटी नोव्हेंबर २०१९ अखेर सरकारकडे ८२२ कोटी रुपये थकले होते. माहिती अधिकारातून ते उघड झाले. २००९ पासून सरकारी अधिकाऱ्यांना याच कंपनीने प्रवास करण्याची सक्ती होती आणि तिकिटे उधारीवर निघत. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची बोली मंजूर झाली आणि त्याच महिन्यात अर्थ मंत्रालयाने सर्व खात्यांना आदेश काढला: जुनी थकबाकी ताबडतोब भरा, यापुढे तिकिटे रोखीने घ्या. जी शिस्त खासगी मालकासाठी काही दिवसांत लागली, ती स्वतःच्या कंपनीसाठी इतकी वर्षे का लागली नाही?

दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की, राष्ट्राची संपत्ती टाटांना कवडीमोलाने दिली. तोही टिकत नाही. २०१८ मध्ये ७६ टक्के भाग विकायला काढले तेव्हा एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये राखीव किंमत १२,९०६ कोटी होती. दुसरी बोली १५,१०० कोटींची आली, टाटांची १८,००० कोटींची. त्यातले १५,३०० कोटी कर्जाच्या रूपाने गेले, २,७०० कोटी रोख मिळाले. मुंबईतल्या नरिमन पॉइंटच्या इमारतीसारखी मालमत्ता या व्यवहारात नव्हती. ती इमारत पुढे महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. खरी लूट किमतीत शोधू नये. ४६,२६२ कोटींचे कर्ज मागे उरले, ते सरकारी धारक कंपनीच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या गळ्यात पडले. त्यासाठी एकाही मंत्र्याला वा सचिवाला उत्तर द्यावे लागलेले नाही. माझा संताप यावर आहे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. सार्वजनिक कंपनीचा कारभार मंत्रालयाकडून काढून व्यावसायिक, ठरावीक मुदतीच्या मंडळाकडे द्यावी. सरकारने सांगितलेल्या लोकसेवेचे पैसे अंदाजपत्रकातून वेळेवर मोजावेत. मोठ्या खरेदीच्या व विलीनीकरणाच्या फायलीवर निर्णय घेणाऱ्याचे नाव आणि कारण असावे, आणि संसदेत त्याचा जाब पदावर असतानाच घेतला जावा. कंपनी विकली म्हणून सरकारला हातही झटकता येणार नाहीत. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादच्या अपघातात २६० जणांचा बळी गेला. तो खासगीकरणाच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरण्याचा मुद्दा नाही. पण मालक कोणीही असो, हवाई सुरक्षेवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे हे सरकारचेच काम आहे.

हा प्रश्न उद्या आपल्या दाराशी आहे. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, महिलांना अर्धे तिकीट आहे. दोन्ही सवलती योग्यच आहेत. त्या सरकारने जाहीर केल्या आहेत आणि त्यांची भरपाई सरकारनेच महामंडळाला द्यायची आहे. तेव्हा एसटीच्या तोट्याचा आकडा पुढे करून कोणी विक्रीची भाषा बोलू लागला, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: सरकारकडून महामंडळाला येणे किती, आणि ते कोणी थकवले? त्याचे उत्तर नावानिशी मिळेपर्यंत विक्रीची चर्चाच होऊ देऊ नका.