जळतो एक, दोषी दुसराच!



घरातील फ्यूज उडाला तर आपण नवी तार घालतो. ती तार पुन्हा उडाली, तिसऱ्यांदाही उडाली, तर तुम्ही काय म्हणाल? ‘तारच खराब आहे’ असे नक्कीच म्हणणार नाही. कुठेतरी शॉर्टसर्किट झाले आहे, ते आधी शोधले पाहिजे, असेच म्हणाल. मग हाच न्याय आपण दारातल्या मोटारसायकलीला का लावत नाही?

माझीच गोष्ट सांगतो. माझ्या मोटारसायकलीची बॅटरी दोन वर्षांत तीनदा बदलावी लागली. काही महिने गाडी बटन दाबताच सुरू होई. मग हेडलाइट मंद होई, हॉर्न घोगरा होई आणि एखाद्या सकाळी, शाळेला निघण्याच्या घाईत, सेल्फ नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसे. मेकॅनिक नवी बॅटरी बसवून देई. एकदा त्याने रेग्युलेटरही बदलला. काढलेला रेग्युलेटर खरोखर निकामी होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. कारण तो कोणी तपासलाच नाही!

आता या गाडीत वीज येते कुठून ते पाहू. इंजिनाबरोबर फिरणारे एक लोहचुंबकाचे चाक असते. ते तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरते आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. ही वीज सारखी दिशा बदलणारी, म्हणजे एसी असते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. शिवाय इंजिनाचा वेग वाढला की विजेचा दाबही वाढतो. या दोन्ही अडचणी रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाची एक छोटी डबी दूर करते. ती एसीची डीसी करते आणि दाब मर्यादेत ठेवते.

म्हणजे साखळी अशी झाली: वेटोळी, रेग्युलेटर आणि बॅटरी. पण थांबा! या तिघांना जोडणाऱ्या तारा आणि सांधे राहिलेच की! बहुतेक वेळा ते असेच राहून जातात. ते दुकानात खोक्यात मिळत नाहीत, म्हणून ते ‘पार्ट’ आहेत असे कोणाला वाटत नाही.

१२ व्होल्टची चांगली शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवली, तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते. ती चार्ज होण्यासाठी, इंजिन चालू असताना, तिच्या टोकांना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावे लागतात.

चौथी बॅटरी घेण्याची वेळ आली, तेव्हा दहावीतील एका विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारला, “सर, मोजून पाहिले का?” प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला. इंजिन चालू करून, हेडलाइट लावून बॅटरीवर मोजले तर १३.१ व्होल्ट. रेग्युलेटरमधून बाहेर येणाऱ्या दोन तारांवर मोजले तर १४.३ व्होल्ट. मधले १.२ व्होल्ट गेले कुठे? लाल तारेच्या दोन टोकांत मोजले, फक्त ०.१ व्होल्ट. मग मीटरचे एक टोक रेग्युलेटरच्या काळ्या तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवले. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. आले १.१ व्होल्ट! चोर सापडला. अर्थिंगचा बोल्ट चॅसीला जिथे कसलेला होता, तिथे खाली गंज चढला होता, आणि काळ्या तारेचा कपलर तापून तपकिरी पडला होता.

आता ओहमचा नियम आठवा. समजा, या तारेतून ५ अँपिअर प्रवाह वाहत होता. १.१ भागिले ५, म्हणजे सांध्याचा रोध ०.२२ ओहम. किती क्षुल्लक वाटतो! पण त्या चिमुकल्या जागेत ५.५ वॅट उष्णता सतत निर्माण होत होती. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, थराने रोध वाढतो, रोधाने उष्णता आणखी वाढते. इकडे बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अशा बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती अकाली मरते. नवी आणली तरी तीही उपाशीच राहणार!

आम्ही बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून लखख केली, कपलर बदलला. बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळू लागले. त्यानंतर बसविलेली बॅटरी आज तिसऱ्या वर्षी शाबूत आहे.

माझे म्हणणे एवढेच की, जो भाग पुन्हापुन्हा निकामी होतो, तोच दोषी आहे असे धरून चालू नये. तो बहुधा दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगत असतो.

यात सारा दोष मेकॅनिकचा आहे का? मला तसे वाटत नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात. नव्या बॅटरीचे पैसे आपण मुकाट्याने देतो. पण “अर्धा तास तपासले, त्याचे इतके” असे तो म्हणाला, तर आपणच कुरकुरतो. निदानाला मोल नाही, म्हणून निदान होत नाही. फेकलेल्या प्रत्येक बॅटरीत विषारी शिसे असते, हा हिशेब तर वेगळाच.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. ओहमच्या नियमावरचे उदाहरण आपण फळ्यावर सोडवितो, उत्तर बरोबर आले की गुण देतो. पण ‘कुठे मोजावे?’ हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शाळेच्या आवारात उभी असलेली एखादी मोटारसायकल या प्रश्नासाठी उत्तम प्रयोगशाळा आहे.

मित्रहो, घरच्या गाडीवर हे जरूर करून पाहा. मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊनच. गाडी उघड्या जागी, न्यूट्रलमध्ये, मधल्या स्टँडवर लावा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. अँपिअरवर ठेवून बॅटरीला लावाल तर शॉर्टसर्किट होईल. बॅटरीजवळ ज्योत नको, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘परीक्षा’ घेण्याची जुनी पद्धत मुळीच वापरू नका. दाब एकदम उसळून गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

आलेले आकडे वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी अडली आणि कोणी म्हणाले, “बॅटरी गेली, बदला,” तर वही पुढे करून नम्रपणे विचारा, “काका, ती का गेली?”