न्हाणीघरातील वीज आणि तारेची जाडी



गेल्या नाताळात पेडणे तालुक्यातील एका घरी भेटीस गेलो होतो. घरातील थोरला मुलगा इंग्लंडमधील स्विंडन येथे नोकरीस असतो. आपल्या गोव्याची कितीतरी कुटुंबे सांप्रत त्या शहरी स्थायिक झाली आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच्या आईचे गुडघे दुखतात. भाणातील कढत पाणी उपसून बादली उचलणे तिला आता झेपत नाही. म्हणून या सुपुत्राने तिकडून एक विजेचा शॉवर आणला होता. कळ दाबताच ऊन पाण्याची धार सुरू व्हावी, अशी त्याची योजना.

"फादर, उद्या वायरमन येतो आणि जोडून देतो," तो मोठ्या कौतुकाने म्हणाला. "न्हाणीघरात दिव्याची वायर आहेच."

मी पेटीवरील अक्षरे वाचली : ९.५ किलोवॅट. मग कागद-पेन्सिल मागविली आणि आम्ही दोघे हिशेबास बसलो. तोच हिशेब आज आपणांपुढे ठेवतो, कारण असा प्रसंग डिचोलीत काय किंवा पेडण्यात काय, कोणत्याही घरी उद्भवू शकेल.

उपकरणाच्या वॅटना आपल्या २३० व्होल्टनी भागावे, म्हणजे तारेतून किती अँपिअर प्रवाह वाहणार ते कळते. ९,५०० भागिले २३० म्हणजे ४१ अँपिअर. इंग्लंडात अशा शॉवरला बहुधा १० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र केबल घालतात. आपल्या मित्राच्या न्हाणीघरात होती ती दिव्याची १ चौरस मिलिमीटरची जुनी तार, मीटरपासून वीस मीटर लांब.

तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जूल या शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्या बारीक तारेच्या जाण्यायेण्याच्या चाळीस मीटर लांबीत जवळजवळ हजार वॅट उष्णता निर्माण झाली असती. म्हणजे एक तापलेली इस्त्रीच भिंतीत आणि कौलांखाली पसरून ठेवल्यासारखे! तारेवरचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकाव धरते. त्यापुढे ते मऊ होते, तडकते आणि वासे व माळा यांना आग लागण्याची वाट मोकळी होते.

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मग एमसीबी मोठा बसवू या का?"

हीच चूक पुष्कळांच्या हातून घडते. एमसीबी हा तारेचा राखणदार होय. तो वारंवार पडतो म्हणून मोठा बसविणे, किंवा जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे, म्हणजे राखणदाराचे डोळे बांधणे होय. एमसीबी उपकरणाच्या प्रवाहापेक्षा मोठा, परंतु तारेच्या क्षमतेपेक्षा लहान असावा.

दुसराही एक विचार आम्ही केला. इंग्लंडात हिवाळ्यात नळाचे पाणी अतिशय गार असते. म्हणून तेथे एवढी शक्ती लागते. आपल्याकडे पाणी सहसा २५ अंशांच्या आसपास येते. पंधरा लिटरचा २ किलोवॅटचा साठवणीचा गीझर ते पाणी सुमारे तेरा मिनिटांत ५० अंशांवर नेतो, आणि त्याला अवघे ९ अँपिअर पुरतात.

तेव्हा लक्षात ठेवण्याजोगे प्रमाण असे. २ किंवा ३ किलोवॅटच्या गीझरला तांब्याची अडीचची तार, १६ अँपिअरचा प्लग व १६ अँपिअरचा एमसीबी. ४.५ किलोवॅटच्या झटपट गीझरला सुमारे २० अँपिअर लागतात. त्यास चारची तार, २५ अँपिअरचा एमसीबी आणि प्लगऐवजी दोन्ही तारा तोडणारा स्वतंत्र स्विच. अंतर लांब असेल, किंवा तार तापलेल्या कौलांखालून जात असेल, तर एक पायरी जाड तार घ्यावी. प्रत्येक गीझरची तार मुख्य बोर्डापासून निराळी आणावी. दिव्याच्या तारेला जोड देऊ नये. आपल्या मंजूर भारात ते उपकरण बसते की नाही, हेही वीज खात्याकडे विचारून घ्यावे. हरमल, मांद्रे, मोरजी येथे पाहुण्यांसाठी खोल्या वाढविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी धरावे, कारण चार गीझर एकाच वेळी चालू होऊ शकतात.

तार जाड असली तरी ओल्या अंगाला धक्क्यापासून ती वाचवीत नाही. त्यासाठी हिरव्या तारेचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही दोन्ही हवीत. त्या घरात हिरवी तार प्लगपर्यंत आली होती खरी, परंतु दुसऱ्या टोकाला ती कशालाच जोडलेली नव्हती! आपली चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते; म्हणून अर्थिंगचा खड्डा ओलसर ठेवावा आणि परवानाधारक वायरमनकडून तो मापून घ्यावा. आरसीसीबीवरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

शॉवर पुन्हा पेटीत गेला. सुट्टी संपण्यापूर्वी मुलाने नवी तार, अर्थिंग आणि लहान गीझर बसवून घेतला. निरोप घेताना तो थोडासा खट्टू होऊन म्हणाला, "फादर, आईसाठी एवढ्या लांबून आणलेली वस्तू वाया गेली."

त्याची आई मात्र म्हणाली, "वाया कशी? तिच्यामुळेच तर ती तुटकी तार सापडली."

वाचकहो, आपल्या न्हाणीघरातील हिरवी तार कोठे जाते, हे आपण कधी पाहिले आहे काय? या आठवड्यात वायरमनला बोलावून अवश्य पाहून घ्या.