निष्णाताचे नवशिकेपण

एखादी विद्या ज्याला उत्तम अवगत आहे, त्याने तिच्याशीच नाते सांगणारी दुसरी विद्या पहिल्या धड्यापासून शिकावी की नाही? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु तो विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांच्याहूनही अधिक वडीलधाऱ्यांच्या, अभिमानाशी निगडित आहे. त्याच्या उत्तरासाठी वाचकांना थोडे दूर, बर्फाच्छादित उतारांवर नेण्याचा माझा मानस आहे. कारण तेथे या प्रश्नाचा निकाल काही क्षणांतच लागतो.

पायांना लांब पट्ट्या जखडून बर्फावरून घसरत जाण्याचा स्कीचा खेळ आपल्या वाचकांना ऐकून ठाऊक असेल. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने १८८८ साली अशाच पट्ट्यांवरून ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडातील औली येथे हा खेळ चालतो. प्रौढ खेळाडूची पट्टी सामान्यतः १६० ते १८० सेंटिमीटर लांब असते आणि त्याच्या हातांत दोन काठ्या असतात. याच खेळाचे एक धाकटे भावंड आहे. त्याच्या पट्ट्या जेमतेम मीटरभर किंवा त्याहूनही आखूड, पुढच्याप्रमाणे मागचे टोकही वर वळलेले, आणि हातांत काठ्या मुळीच नाहीत. १९९० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या सालोमोन कंपनीने अशा पट्ट्या ‘स्नोब्लेड’ या नावाने बाजारात आणल्या आणि तेच नाव लोकांच्या तोंडी बसले.

आखूड पट्ट्यांची कल्पना मात्र याहून जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर या शिक्षकाने नवशिक्यांना आधी आखूड पट्ट्यांवर उभे करावे आणि मग क्रमाक्रमाने लांबी वाढवीत न्यावी, या पद्धतीचा पुरस्कार केला. म्हणजे आखूड पट्टी ही शिडीची पहिली पायरी होती. अनेक वर्षांचा अनुभवी खेळाडू जेव्हा स्नोब्लेडवर प्रथम उभा राहतो, तेव्हा तो हीच शिडी उलटी उतरत असतो. म्हणूनच पुष्कळांना ती मुलांची खेळणी वाटतात आणि त्यांवर पाय ठेवणे कमीपणाचे वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे.

या उतरण्यात काय घडते ते पाहा. लांब पट्टीवर खेळाडू नडग्या बुटाच्या पुढील भागावर दाबून किंचित पुढे झुकतो. पुढे पट्टीची भरपूर लांबी असल्यामुळे ती त्याचा भार सांभाळून घेते. तोल थोडा मागे गेला तरी मागची लांबी त्याला सावरते. आखूड पट्टीवर ही दयाबुद्धी नाही. सवयीने अधिक पुढे झुकावे तर नाकावर आपटण्याची वेळ, आणि मागे रेलावे तर पाठ बर्फाला टेकते. भार नेमका तळपायांच्या मध्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. वळणापूर्वी काठी टेकण्याची सवय असलेला हात काठीच नसल्यामुळे गोंधळतो. वेग वाढवावा तर पट्ट्या थरथरू लागतात, आणि भुसभुशीत खोल बर्फात त्या रुतून बसतात.

मग वर्षांची मेहनत वाया गेली म्हणावे काय? मुळीच नाही. पट्टीची कड बर्फात कशी रोवावी, उताराकडे पाहून वळण कोठे घ्यावे, थांबावे कसे, हे ज्ञान पायांत मुरलेले असते. ते पहिल्या काही फेऱ्यांतच आपले काम करू लागते, आणि आखूड पट्टी इतक्या चपळाईने वळते की खेळाडू चकित होतो. आपल्या कौशल्यात स्वतःचे किती होते आणि लांब पट्टीने उसने दिलेले किती होते, याचा चोख हिशेब त्याच्या हाती पडतो. हा हिशेब दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या स्वस्तात मिळत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. लांब पट्ट्यांचे खटके जोराच्या पडझडीत बूट आपोआप मोकळा करतात. पुष्कळ स्नोब्लेडना ही सोय नसते. अशा पट्ट्यांवर नडगीचे हाड मोडण्याचा धोका वैद्यकांनी दाखवून दिला आहे. तेव्हा बूट सोडणारे खटके असलेल्या पट्ट्या निवडाव्या, सौम्य उतार घ्यावा आणि वेगाचा मोह टाळावा. पण नीट पाहिले तर हा आक्षेप खेळावर नसून खेळाडूच्या अहंकारावर आहे. नवशिका सौम्य उतारच निवडतो. जुन्या कीर्तीच्या भरात अवघड कड्याकडे धावतो तो निष्णातच.

आपल्या मल्लखांबातही हेच तत्त्व दिसते. पुरलेल्या मल्लखांबावर लीलया उड्या घेणारा पटू टांगत्या मल्लखांबाला हात घालतो तेव्हा ते आखूड लाकूड झुलते, फिरते, आणि त्याला तोल नव्याने शोधावा लागतो. स्थिर खांब जे झाकून घेत होता, ते झुलता खांब उघडे करतो. म्हणून कोणी टांगत्या मल्लखांबाला पोरखेळ म्हणत नाही.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात पहिला येणारा विद्यार्थी ज्या विषयात आपण अडखळू त्या विषयाच्या वाटेला जात नाही. वक्तृत्वात नाव मिळवलेला गाण्याच्या वर्गात बसत नाही. चारचौघांत आपले हसू होईल ही भीती त्यांना अडवते. अपयशाने जितके लोक शिकायचे थांबत नाहीत, तितके या भीतीने थांबतात. बर्फाचा उतार मात्र कोणाचे पूर्वीचे प्रशस्तिपत्र वाचीत नाही. तो फक्त आजचा तोल पाहतो. ज्याला एक गोष्ट चांगली येते त्याने वर्षातून एकदा तरी न येणारी गोष्ट हाती घ्यावी, चारदा पडावे आणि पाचव्यांदा हसतमुखाने उठावे. विद्या टिकते ती अशाच माणसाजवळ.