चालते आहे ना? मग हात कशाला?

आपल्या संसारातले काही नियम कोणी लिहून ठेवलेले नसतात. पण ते कायद्यापेक्षाही कडक असतात. त्यांतला पहिला नियम असा, की जी वस्तू चालते आहे तिला हात लावू नये. नळाची तोटी एका विशिष्ट कोनात थांबवली की गळत नाही; मिक्सरचे झाकण डाव्या हाताने दाबून धरले की तो फिरतो; न्हाणीघराची कडी जरा उचलून सरकवली की लागते. घरातल्या माणसांच्या हे सारे अंगवळणी पडलेले असते. कोणी दुरुस्तीचे नाव काढलेच, तर घरधनी म्हणतात, "चालते आहे ना? मग हात कशाला?"

हाच नियम संगणकाच्या जगातही मोठ्या निष्ठेने पाळला जातो, हे मला माझ्या भाच्याने सांगितले. तो पुण्यास एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत आमच्याकडे पाचोडला आला, तेव्हा चकली मोडता मोडता म्हणाला,

"मामा, आमच्याकडे एक सर्व्हर आहे. सात वर्षं त्याला कोणी हात लावलेला नाही. आता त्याला नव्या आवृत्तीवर न्यायचं काम माझ्या गळ्यात आलंय."

"मग ने की! नवी आवृत्ती विकत घ्यावी लागते का?"

"फुकट मिळते हो. पण सात वर्षांचा रस्ता एका उडीत कापता येत नाही."

हा सर्व्हर करतो काय, ते समजण्यासाठी वाचकांनी क्षणभर छापखाना डोळ्यांपुढे आणावा. हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडण्यापूर्वी लेखकांचा मजकूर जमा झाला, जुळवला गेला, मुद्रिते तपासली गेली, छपाई-बांधणी झाली आणि गठ्ठे गाडीवर चढले. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. दहा-वीस इंजिनिअर दिवसभर आपापले तुकडे लिहितात. ते गोळा करावयाचे, एकत्र जुळवावयाचे, त्यांची परीक्षा घ्यावयाची, चूक निघाली तर लिहिणाराला त्याच घटकेला कळवावयाचे आणि सारे ठीक असले म्हणजे तयार माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवावयाचा, ही सगळी कामे हा एकटा सर्व्हर रात्रंदिवस करतो. साहजिकच सगळ्या कोठारांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात.

भाच्याच्या सर्व्हरचे नाव जेन्किन्स. कोहसुके कावागुची नावाच्या जपानी इंजिनिअराने सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना 2004 च्या सुमारास तो लिहावयास घेतला. तेव्हा त्याचे नाव होते हडसन. पुढे सन कंपनी ओरॅकलने घेतली, नावाच्या मालकीवरून बेबनाव झाला आणि 2011 साली हडसनचा जेन्किन्स झाला. त्याच्या चित्रात हातावर टॉवेल टाकलेला एक साहेबी बटलर उभा आहे. चित्र मोठे समर्पक आहे. बटलर मुकाट्याने काम करीत असतो, तोवर तो घरात आहे याची यजमानांना आठवणही नसते!

आता अडचण पाहा. या बटलरची नवी पक्की आवृत्ती दर 12 आठवड्यांनी निघते. तो ज्या पायावर उभा आहे, तो जावाचा पायाही मधून मधून बदलतो. 2017 साली त्याला जावा 8 लागू लागले, 2022 साली जावा 11 आणि 2024 साली जावा 17. शिवाय त्याला जोडावयाची निरनिराळी अवजारे असतात. त्यांना प्लगइन म्हणतात. जगभरच्या लोकांनी लिहिलेली अशी सुमारे 2000 अवजारे आज मिळतात. त्यांतली काही नव्या आवृत्तीशी जमवून घेतात, काही घेत नाहीत. आणि काहींचे लेखक ते काम सोडून केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात.

पाडव्याला व्यापारी नवी वही पूजतो आणि मागील बाकी तिच्यात ओढतो. दर वर्षी केले, तर हे तासा-दोन तासांचे काम. पण एखाद्याने सात वर्षे वहीच बदलली नाही, अशी कल्पना करा. मुनीम बदललेला, काही कुळे गाव सोडून गेलेली, कोपऱ्यात लिहिलेल्या खुणांचा अर्थ सांगणारे कोणी उरलेले नाही. बाकी ओढावयाची तरी कशी? न केलेले काम नाहीसे होत नाही; त्याच्यावर व्याज चढते.

"पण समजा, नाहीच बदलला," मी विचारले, "तर काय आकाश कोसळणार आहे?"

यावर भाच्याने जे सांगितले, ते ऐकून चहाचा पेला मी खाली ठेवला. 24 जानेवारी 2024 रोजी जेन्किन्समधले एक भोक जाहीर झाले. आज्ञा देताना ईमेलच्या पत्त्यात असते ते ॲटचे चिन्ह आणि त्यापुढे एखाद्या फाइलीचे ठिकाण लिहिले, की सर्व्हर त्या फाइलीतला मजकूर आपण होऊन पुढे करी. अनोळखी माणसालाही या युक्तीने काही ओळी वाचता येत. किल्ल्या सांभाळणाराच असा भोळा निघाल्यावर काय व्हावयाचे! भोक बुजवलेली आवृत्ती त्याच दिवशी निघाली होती. ज्यांनी ती घेतली ते सुटले.

त्याच वर्षीच्या जुलैअखेर आपल्या देशातल्या सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. लागण पसरू नये म्हणून 31 जुलैला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. सुमारे 300 लहान बँकांच्या खातेदारांचे त्या जाळ्यावरचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले, हे आपले भाग्य. बंगळूरच्या क्लाउडसेक या संस्थेने पुढे असा निष्कर्ष काढला, की चोर आत शिरले ते एका भागीदार कंपनीच्या नीट न राखलेल्या जेन्किन्स सर्व्हरमधून, आणि त्याच जानेवारीतल्या भोकाने!

अशा बँकांचा खातेदार कोण असतो? आमच्या पाचोडला मोसंबीचा मोठा बाजार आहे. माल विकून पैसे खात्यावर जमा झाले का, हे विचारणारा शेतकरी असतो. पेन्शनीत असलेले मास्तर असतात. बचतगटातल्या बाया असतात. यांच्यापैकी कोणी जेन्किन्सचे नावही ऐकलेले नाही. पण त्यांची रक्कम एक दिवस अडते, ती कुठल्या तरी शहरातल्या कुठल्या तरी माणसाने "चालते आहे ना?" म्हटल्यामुळे.

माझ्या विषयातले एक उदाहरण मला या वेळी आठवले. मोडी लिपी आपल्याकडे शतकानुशतके कारभारात चालली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. कागद मात्र दप्तरांत तसेच राहिले. 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा जुने मोडी व उर्दू कागद वाचणारांची कोण शोधाशोध झाली! कागद शाबूत होते. वाचणारे विरळ झाले होते. लिपी बदलली याचे दुःख नाही. ती बदलत असतानाच, जाणती माणसे हयात असताना, महत्त्वाचे कागद नव्या लिपीत उतरवून घेतले असते, तर पुढच्या पिढीचे हाल वाचले असते.

भाच्याने पुढे काय केले, तेही सांगतो. कारण ते घरोघरी उपयोगी पडण्यासारखे आहे. त्याने आधी सगळ्या सामानाची, किल्ल्यांसकट, दोन ठिकाणी प्रत काढून ठेवली. जेन्किन्स एकदा वर चढला, की त्याला खाली उतरविण्याची खात्रीची वाट म्हणजे ही जुनी प्रतच. मग एक प्रत वेगळ्या यंत्रावर उभी केली आणि तिची सगळी कामे बंद करून ठेवली; नाही तर मूळ बटलर आणि त्याचा जुळा भाऊ, दोघेही मध्यरात्री एकाच घरी माल टाकावयास निघाले असते. या प्रतीवर एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीच्या सूचना वाचत त्याने रंगीत तालीम केली. प्रत दोनदा बंद पडली. दोन प्लगइन वारस नसलेली निघाली. एकाला पर्याय मिळाला. दुसरे कोणी वापरीतच नव्हते, ते काढून टाकले. मग एका शनिवारी रात्री त्याने खऱ्या सर्व्हरला हात घातला आणि पहाटे तीनला तो झोपला.

सोमवारी कचेरीत कोणाला काही कळलेच नाही. साहेबांनी विचारले, "सर्व्हर तर पहिल्यासारखाच चालतो आहे, मग इतके दिवस तुम्ही केलं काय?" फोनवर हे सांगताना भाचा हसत होता. याहून मोठे प्रशस्तिपत्र त्याला नको होते. आता त्याने दर तिमाहीचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवला आहे. काम दोन तासांत आटोपते म्हणे.

तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनवरही अधूनमधून नव्या आवृत्तीची सूचना येते, आणि आपण मोठ्या सराईतपणे "नंतर" वर बोट ठेवतो. तेव्हा यंदा पाडव्याला वही पूजून झाली, फराळ झाला, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोन एकदा ओळीने मांडा आणि ती राहिलेली कामे उरकून टाका. मात्र त्याआधी फोटोंची आणि नंबरांची प्रत काढून ठेवावयास विसरू नका, असे भाच्याने मला दोनदा बजावले आहे. म्हणून मीही तुम्हांला बजावतो.